स्पेन देशातील हरितमार्ग

स्पेन देशाचे नाव निघाले की आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना कोलंबसाची गलबते आठवतात, मधल्या पिढीला बैलांच्या झुंजी आठवतात, आणि घरातील मुलांना फुटबॉलच्या खेळाडूंखेरीज दुसरे काही आठवत नाही. परंतु ह्याच देशात तीन हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे असे मार्ग आहेत की, ज्यांवर मोटारीला मज्जाव आहे, जेथे चढ लागला तरी तो पायांना जाणवेल न जाणवेल इतकाच असतो, आणि जेथे सायकलीवर बसलेला मनुष्य मागून वाजणाऱ्या कर्ण्याच्या धास्तीवाचून दिवसभर दऱ्याखोऱ्यांतून हिंडू शकतो. ह्या मार्गांना तेथे ‘बिया बेर्दे’ म्हणजे हरितमार्ग असे म्हणतात. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या काळी तेथे सायकल चालविलेल्या वाचकांस अशा मार्गाचे मोल निराळे सांगावयास नको.

हे मार्ग मुळात सायकलींसाठी बांधलेले नाहीत. ते आगगाडीचे मार्ग होत. आगगाडीचे इंजिन बलवान खरे, परंतु लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढाला घसरते. म्हणून रूळ टाकणारा इंजिनियर डोंगर आला की बोगदा खणतो, ओढा आला की पूल बांधतो, आणि शंभर हात पुढे गेल्यावर दोन किंवा फार तर तीन हात वर जाता येईल एवढाच चढ ठेवतो. वळणेही तो ऐसपैस घेतो. जे इंजिनाला सोईचे तेच साठी उलटलेल्या गुडघ्यांनाही सोईचे ठरते. स्पेन हा युरोपातील फार डोंगराळ देशांपैकी एक आहे. तेथील साध्या सडकेने सायकल नेणे हे तरुणांचे काम. हरितमार्गावर मात्र आम्ही आठ वर्षांच्या नातवाला आणि सत्तरीतल्या आजीबाईंना एकाच दमाने जाताना पाहिले.

मग तेथली आगगाडी गेली कोठे? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये रेल्वे कंपन्यांचे पीक आले होते. कोणी खाणीतील धातू बंदरावर नेण्यासाठी, कोणी तेल व धान्य नेण्यासाठी रूळ टाकले. पुढे सडका सुधारल्या, मालमोटारी आल्या, खाणी संपत आल्या आणि ह्या आडमार्गांवर तोटा साचू लागला. १ जानेवारी १९८५ रोजी सरकारच्या निर्णयाने सुमारे नऊशे किलोमीटर मार्गांवरील गाड्या एकदम थांबल्या. त्यापूर्वी बंद पडलेले मार्ग निराळेच होते. १९९३ साली सरकारने मोजदाद करविली, तेव्हा गाडी बंद पडलेले अथवा बांधूनही कधी वापरात न आलेले असे साडेसात हजार किलोमीटरहून अधिक मार्ग निघाले. त्यांवर हजाराहून अधिक बोगदे, सुमारे पाचशे पूल आणि नऊशेंवर स्टेशने ओस पडली होती. त्याच वर्षी स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठानाच्या देखरेखीखाली हरितमार्गांच्या योजनेस आरंभ झाला. रूळ व लाकडी पाट्या बहुतेक ठिकाणी आधीच निघून गेल्या होत्या. उरलेल्या बांधावर बारीक खडी दाबून बसविली, पुलांना कठडे लावले, बोगदे साफ केले, आणि सायकल, पायी चालणारे व अपंगांच्या चाकांच्या खुर्च्या ह्यांना वाट मोकळी करून दिली.

आमचे धाकटे चिरंजीव नोकरीच्या निमित्ताने माद्रिद येथे राहतात. २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही त्यांच्याकडे होतो, तेव्हा चिरंजीव, सूनबाई व नातू ह्यांच्यासह दक्षिणेकडील अंदालुसिया प्रांतात ‘सिएर्राचा हरितमार्ग’ पाहण्याचा योग आला. ओल्वेरा ह्या गावापासून पुएर्तो सेर्रानो ह्या गावापर्यंत तो छत्तीस किलोमीटर जातो. ओल्वेरा उंचावर असल्यामुळे तेथून निघाल्यास उतार बहुतेक आपल्या बाजूचा असतो. तेथल्या जुन्या स्टेशनात खाण्याराहण्याची सोय असून सायकली भाड्याने मिळतात. आम्ही विजेची जोड असलेली सायकल घेतली; नातवाने त्यावरून आमची पुष्कळ थट्टा केली.

ह्या मार्गाची कुळकथा विलक्षण आहे. हेरेस शहरापासून आल्मार्खेनपर्यंत आगगाडी नेऊन डोंगरी मुलखातील शेतमाल बाहेर काढावा, हा विचार जुना होता. त्याला प्रत्यक्ष रूप आले ते १९२० नंतरच्या दशकात, प्रिमो दे रिवेरा ह्या हुकूमशहाच्या अमदानीत. हजारो मजुरांनी डोंगर फोडले, बोगदे खणले, दऱ्यांवर पूल चढविले, स्टेशनांच्या इमारती उभ्या केल्या. मग पैसा आटला, सरकार बदलले, १९३६ साली यादवी युद्ध पेटले. काम थांबले ते थांबलेच. ओल्वेरा व पुएर्तो सेर्रानो ह्यांच्या दरम्यान तीस बोगदे आणि चार मोठे पूल आहेत, आणि त्यांतून एकही आगगाडी कधी धावली नाही! तिकिटाची खिडकी आहे, फलाट आहे. तिकीट मात्र कोणी काढले नाही. व्याकरणात सूत्र तयार असून उदाहरण सापडू नये, तसा हा प्रकार होय.

बोगद्यांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण घरी बसून नकाशा पाहताना त्यांची कल्पना येत नाही. बाहेर ऊन चटचटीत असते. आत शिरताच घामाने भिजलेल्या पाठीवर तळघराचा गारवा येतो. लांबातला लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा आहे. जे बोगदे वळणाचे आहेत त्यांत मध्यावर पोहोचल्यावर मागचे तोंड मावळते आणि पुढचे दिसत नाही. काही ठिकाणी दिव्यांची सोय आहे, परंतु प्रत्येकाने सायकलीला आपला दिवा लावावा हेच बरे. नातू आधी घाबरला. पुढे त्यानेच प्रत्येक बोगद्यात आपले नाव ओरडून प्रतिध्वनी मोजण्याचा उद्योग आरंभिला.

बोगद्याबाहेर ग्वादालपोर्कून नदीचे खोरे सोबतीला असते. काठाला कण्हेर रानटी वाढलेली. बांधावर फड्या निवडुंग व घायपात. आपल्या देशावरील माळाची आठवण होऊन क्षणभर मनुष्य चकतो. खरे म्हणजे निवडुंग आणि घायपात ह्या दोन्ही वनस्पती मेक्सिकोकडच्या. त्या तिकडेही परक्या आणि आपल्याकडेही परक्याच. नद्यांच्या नावांतील ‘ग्वाद’ हा अरबी ‘वादी’ म्हणजे नदीचे खोरे ह्या शब्दाचा अवशेष आहे. इ. स. ७११ पासून १४९२ पर्यंत ह्या देशात कमीअधिक भागांवर मुसलमानी राज्य होते, त्याची ही खूण. त्याच वाटेने आपलेही काही शब्द तेथे पोहोचले आहेत. संत्र्याला तेथे ‘नारांखा’ म्हणतात. तो आपला ‘नारंग’, फारसी व अरबी मुखांतून गेलेला. साखरेला ‘आसुकार’ म्हणतात. ती आपली ‘शर्करा’. उपाहारगृहात नारिंगाचा रस मागताना आम्हांस परदेशी असल्यासारखे वाटले नाही, हे सूनबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी हसून म्हटले, “बाबा, इतके संस्कृत कळणारा वाढपी इथे नाही, बोटाने दाखवा.”

मार्गाच्या मध्यास साफ्रामागोन नावाचा एक प्रचंड सुळका उभा आहे. त्याच्या कपारींत गिधाडांची मोठी वसाहत आहे. जुन्या स्टेशनाच्या इमारतीत निरीक्षणाची सोय केली असून, सुळक्यावर बसविलेल्या कॅमेऱ्यातून घरट्यांतील हालचाल पडद्यावर पाहता येते. परंतु पडद्यापेक्षा बाहेरच्या बाकावर बसणे अधिक चांगले. आठ फूट पंखविस्ताराचे ते पक्षी पंख न हलविता वाऱ्यावर तरंगत होते. खाली इतकी शांतता होती की एक गिधाड डोक्यावरून गेले तेव्हा त्याच्या पिसांतून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज ऐकू आला. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की घटकेभरात गिधाडे उतरत. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक ह्या औषधाने आपल्या देशातील गिधाडांचा जवळजवळ निर्वंश केला. त्याचा जनावरांसाठी वापर भारतात २००६ साली बंद झाला, आणि स्पेनने तेच औषध जनावरांसाठी २०१३ साली मंजूर केले! दुसऱ्याच्या ठेचेने शहाणे होण्याची विद्या कोणत्याही विद्यापीठात शिकवीत नाहीत असे दिसते.

पुढे कोरिपेचे स्टेशन लागते. जवळच ओकच्या जातीचा एक पुरातन वृक्ष आहे. त्याच्या छायेत गावची जत्रा भरते. आम्ही तेथे विसावलो असता एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले. चिरंजीवांनी दुभाष्याचे काम केले. गृहस्थांचे वडील ह्याच मार्गाच्या खोदकामावर मजूर होते. “वडिलांनी बोगदा खणला, मी कातालोनियात कारखान्यात आयुष्य काढले, आणि आता म्हातारपणी इथे फिरायला येतो,” असे ते म्हणाले. गावात सध्या किती मुले आहेत असे आम्ही शिक्षकी सवयीने विचारले. त्यांनी उत्तर न देता हाताची बोटे हवेत हलविली. ‘थोडी’ असा त्याचा अर्थ असावा.

ते उत्तर आमच्या मनातून जाईना. हरितमार्गाची शांतता जी आपणांस इतकी गोड वाटते, ती काही अंशी माणसे निघून गेल्याची शांतता आहे. १९५० ते १९७५ ह्या काळात अंदालुसियातून लक्षावधी लोक पोटासाठी बार्सिलोना, माद्रिद, जर्मनी, फ्रान्स येथे गेले. उत्तरेकडील तेरुएल प्रांतात तर दर चौरस किलोमीटरला सरासरी नऊच माणसे राहतात. आपल्या महाराष्ट्रात २०११ च्या शिरगणतीत तीनशे पासष्ट होती. त्या बाजूची पुष्कळ घरे अकरा महिने कुलपात असतात. ऑगस्टमध्ये ग्रामदैवताच्या उत्सवाला शहरांतून लेकीसुना, नातवंडे येतात, दारे उघडतात, अंगणे झाडली जातात, आणि महिना सरला की किल्ली पुन्हा शेजाऱ्याकडे जाते. कोकणात ज्यांची घरे केवळ गणपतीपुरती उघडतात, त्या आमच्या वाचकांना ह्यापुढे काही सांगण्याची आवश्यकता नाही.

तेरुएलचा उल्लेख आला, तेव्हा तेथल्या हरितमार्गाची हकीकत सांगितली पाहिजे. हा मार्ग आम्ही सगळा केला नाही. तेरुएल शहराच्या आगेमागे एक दिवस मात्र हिंडलो. त्याचे नाव ‘ओखोस नेग्रोस’, म्हणजे काळे डोळे. ह्या काव्यमय नावाचे एक गाव असून त्याच्याजवळ लोखंडाच्या खाणी होत्या. १९०० साली बास्क प्रांतातील दे ला सोता व आस्नार ह्या दोन भांडवलवाल्यांनी कंपनी काढली. खाणीतील माल भूमध्य समुद्रावरील सागुंतो येथे न्यावयाचा होता, आणि त्या दिशेने एक रेल्वे आधीच होती. परंतु भाड्याच्या दरावरून दोन्ही कंपन्यांचे जमेना. तेव्हा खाणवाल्यांनी हट्टाने दुसऱ्या रेल्वेला जवळजवळ खेटून आपला स्वतःचा मीटर रुंदीचा, दोनशे चार किलोमीटरचा मार्ग बांधून काढला! १९०७ पासून त्यावरून लोखंडाची माती समुद्राकडे जाऊ लागली. भाऊबंदकीत एका विहिरीशेजारी दुसरी विहीर खणल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत, परंतु दोनशे किलोमीटरची विहीर आम्ही प्रथमच पाहिली.

१९७२ साली ही खाणीची रेल्वे बंद पडली आणि माल मुकाट्याने त्या शेजारच्या मार्गावरून जाऊ लागला. पुढे खाणी बंद झाल्या. सागुंतोच्या पोलादी कारखान्याच्या भट्ट्याही १९८४ साली विझल्या. आज खाणीचा मार्ग हा सुमारे एकशे साठ किलोमीटरचा, स्पेनमधील फार लांब हरितमार्गांपैकी एक झाला आहे. तेरुएलच्या पठारावरून बाराशे मीटर उंचीची एस्कांदोनची खिंड ओलांडली की समुद्रापर्यंत उतारच उतार. बदामांच्या बागा, उंच दगडी पूल, लाल माती. आणि शेजारचा तो जुना प्रतिस्पर्धी मार्ग अद्याप चालू आहे; सायकल चालविता चालविता बाजूने दोन डब्यांची गाडी जाते, हात हलवितात. परंतु ती गाडी दिवसाकाठी थोड्याच वेळा येते आणि सावकाश येते. तेरुएल हे प्रांताचे मुख्य शहर असूनही तेथून राजधानीला थेट आगगाडी नाही. ‘तेरुएल अस्तित्वात आहे’ अशा अर्थाचे नाव घेऊन तेथील नागरिकांनी १९९९ साली चळवळ उभी केली, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात त्या चळवळीचा एक प्रतिनिधी देशाच्या लोकसभेत निवडून गेला. आपण अस्तित्वात आहो हे ज्यांना पाटी लावून सांगावे लागते, त्यांना हरितमार्ग हे आगगाडीचे उत्तर वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. गर्भवतीला दवाखान्यात आणि मुलाला महाविद्यालयात सायकलने पाठविता येत नाही.

मग ह्या मार्गांचा गावाला उपयोग काय, असा प्रश्न उरतो. आमच्या मते उपयोग आहे, परंतु तो प्रवासी कसा वागतो त्यावर अवलंबून आहे. शहरातून मोटारीच्या टपावर सायकल बांधून आणावयाची, बरोबरचा शिधा खावयाचा आणि सायंकाळी परत जावयाचे, ह्याने गावाला धुळीखेरीज काही मिळत नाही. उलट स्टेशनातच रात्र काढली, गावातल्या बेकरीत पाव घेतला, शेळीचे चीज व मध घेतला, तर एखाद्या तरुण जोडप्याचा संसार गावातच उभा राहतो. ओल्वेरा व कोरिपे येथे स्टेशने चालविणारी माणसे त्या बाजूचीच आहेत, ही गोष्ट आम्हांला पुलांपेक्षाही मोठी वाटली.

जमिनीची गोष्ट त्याहून महत्त्वाची. इंग्लंडात १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर रेल्वेमार्ग बंद झाले, तेव्हा त्यांच्या जमिनीचे पुष्कळ ठिकाणी तुकडे करून विकले गेले. आता त्यांची सलग वाट जुळविणे महाकठीण झाले आहे. स्पेनने सामान्यतः तसे होऊ दिले नाही. बहुतेक जमीन रेल्वेखात्याच्या मालकीची राहून ती स्थानिक संस्थांस कराराने दिलेली असते. उद्या मनात आले तर पट्टा सलग आहे. हे वाचताना आम्हांला वऱ्हाडातील ‘शकुंतला’ आठवली. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर ह्या बाजूची ती अरुंद रुळाची गाडी कापसासाठी किलिक निक्सनच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी घातली. ती गाडी बंद पडली असून तेथील लोक रुंद रूळ मागत आहेत. त्यांना रूळच मिळावेत अशी आमची इच्छा आहे. परंतु मिळण्यास विलंब लागला, तर तोवर ती पट्टी अतिक्रमणाने तुटू नये. तीवरून शाळेची मुले सायकलीने गेली तर बिघडले कोठे?

खाएन प्रांतातील ‘तेलाचा हरितमार्ग’ तेवढा नुसता उल्लेखून ठेवतो. त्या एका प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडे असून, त्यांच्या तेलाची पिंपे वाहणाऱ्या गाडीचा तो मार्ग आहे. लोखंडी पूल प्रेक्षणीय आहेत. मात्र सावली नाही. उन्हाळ्यात जाणे वेडेपणाचे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार उपयोगी गोष्टी सांगून लेखणी ठेवतो. मार्च ते मे अथवा ऑक्टोबर हा काळ चांगला. पाणी घरून भरून घ्यावे. स्टेशनांमधील अंतर बरेच असते. खडीमुळे व काट्यांमुळे चाकाला भोक पडते, म्हणून एक जादा ट्यूब व पंप जवळ असावा. स्टेशने पुष्कळदा गावापासून खाली दरीत असतात. दिवसभर सपाट आल्यावर शेवटचा चढ गावात शिरताना लागतो, तेवढे त्राण राखून ठेवावे. शाकाहारी मंडळींनी भाजलेल्या पावावर टोमॅटो व ऑलिव्हचे तेल, पालक घातलेले हरभरे, बदाम, नारिंगे ह्यांवर भर द्यावा. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. डुकराच्या सुक्या मांसाला, म्हणजे ‘खामोन’ला, तेथील वाढपी मांसात धरीत नाहीत आणि भाजीवर ते हौसेने भुरभुरतात. म्हणून ‘खामोन नको, मासा नको’ असे वेगवेगळे सांगावे. दुपारी दोन ते पाच दुकाने बंद असतात आणि रात्रीचे जेवण नऊच्या आत मिळणे कठीण. लहान मुले बरोबर असल्यास पाव व फळे दुपारी दोनपूर्वीच घेऊन ठेवावीत.